केरसुणी

ॲबरडीनच्या डेपोत पहाटे साडेतीनला
सतरा इलेक्ट्रिक बसगाड्या वायरी लावून उभ्या असतात
आणि भिंतीपलीकडे, वेगळ्या छपराखाली,
सहा हायड्रोजनच्या.
त्या छपराला मुद्दाम फटी ठेवल्यात,
गळालाच वायू तर वर निघून जावा म्हणून.
इतका हलका जीव. कुठं टेकतच नाही.

मी इथं रात्रपाळीची फिटर.
डगल माझा जोडीदार, वय एकोणसाठ,
बावीस वर्षं समुद्रात तेलाच्या फलाटावर काढून आलेला.
त्याच्या नखांतलं काळं अजून गेलेलं नाही
आणि मला वाटतं, त्याला ते जायला नकोच आहे.

डिझेल निदान सांगायचं तरी, तो म्हणतो,
धुरानं, वासानं, खोकून.
ह्या भुताला वास नाही, रंग नाही,
पेटलं तरी भर दिवसा दिसत नाही.
मग ट्रेनिंगला ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगतो:
जुने कामगार म्हणे पुढं केरसुणी धरून चालायचे,
काड्या पेटल्या की समजायचं,
आग इथं आहे.

आता सेन्सर आहेत. भिंतीला, छपराला, माझ्या खिशाला.
तरी मी त्याला सांगितलं,
आमच्याकडे दिवाळीत तिला हळदकुंकू वाहतात,
पाय लागला तर नमस्कार करायला लावतात.
बरोबरच आहे की, म्हणाला,
आणि पुन्हा बोल्ट आवळू लागला.

जानेवारीत पारा उणे सहावर गेला.
बॅटरीच्या गाड्या दुपारीच दमून परतायला लागल्या.
चढावर टक्के असे उतरतात,
जसा महिनाअखेर पगार, असं ड्रायव्हर शोना म्हणते.
हायड्रोजनच्या धावल्या असत्या,
पण टँकर आला नाही,
एका सीलसाठी जर्मनीला तिसरं पत्र गेलंय,
आणि किलोचा नवा भाव वाचून
मॅनेजरनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

त्याच आठवड्यात कौन्सिलचे एक गृहस्थ आले.
पिवळं जाकीट, घडीसकट.
तुमच्या मते भविष्य कशात?
डगलनं माझ्याकडे पाहिलं.
मी एक गाडी सुरू केली, टाकीत तळाशी उरलेल्यावर.
आवाज असा नाहीच.
मागच्या नळीतून थेंब,
मग थेंब.
डगलनं चहाचा मग खाली धरला,
बूड झाकेल इतकं पाणी जमलं,
ते त्यानं पाहुण्यांपुढं केलं.
त्यांनी घेतलं नाही.
मग स्वतःच प्यायला.

मीठ नाही, म्हणाला.

बावीस वर्षं खाऱ्या पाण्यावर काढलेल्या माणसाला
तेवढंच खटकलं असावं.

पाच दहाला शोना पहिली गाडी घेऊन निघाली.
हार्बरच्या स्टॉपवर रोजच्या त्या बाई चढल्या,
इस्पितळात फरशा पुसायला जाणाऱ्या,
हातमोज्याला भोक पडलेलं.
गाडी कशावर चालते, हे त्यांनी विचारलं नाही.
हीटर चालू आहे ना, एवढंच.

आहे, शोना म्हणाली.
अजून आहे.