विकणे आहे

दोन सीटांची. जपानी. छप्पर मागे पडतं.
रंग पिकल्या रातांब्याचा,
म्हणजे बॉनेटवर अजून तोच,
दारांवर आता आमसुलाकडे झुकलेला.
एकसष्ट हजार किलोमीटर,
त्यातले अठ्ठेचाळीस तिकडचे, आमच्या माहितीबाहेरचे.
गाडी दाभोळात, जेट्टीच्या वरच्या अंगाला
झापांच्या मांडवाखाली उभी आहे.
फोन करून या.

येणारा आधी वाकून खालून बघतो.
बघावंच.
खाऱ्या वाऱ्याने सायलेन्सर दोनदा खाल्ला,
मागच्या उजव्या चाकावरच्या पत्र्याला बोट लावू नका,
बोट आत जाईल.

बावा कोबेच्या गोदीत सहा वर्षं वेल्डर.
येताना लोक सोनं आणायचे, ब्लँकेटं, टेप,
यांनी ही आणली.
कस्टमची पावती गाडीहून महाग.
ती आईच्या दागिन्यांच्या डब्यात आहे.
दागिने गेले, पावती राहिली.

चुलते हसले होते.
नऊ माणसांच्या घरात दोन सीटा!
आणि जिथे माणूस निम्मं आयुष्य
कौलं चाळण्यात घालवतो,
तिथे पैसे मोजून बिनछपराची गाडी?
बावा म्हणाले, छप्पर आहे की.
त्याचा हट्ट नाही, एवढंच.

फेरीबोटीवर चढवताना पोट घासतं.
दोन फळ्या लागतात, चाकांखाली,
ओहोटी असेल तर नक्कीच.
बोटीवरचा इब्राहिम खलाशी गाडी लांबून दिसली
की शिटी मारून रिक्षा मागे सरकवायचा.
धोपाव्याला उतरलं की पोरं धावत यायची
आणि वरून हात आत घालून
बावांच्या डोक्याला हात लावून पळायची.
दार न उघडता माणसाला शिवता येतं
अशी गाडी त्यांनी पाहिली नव्हती.

रेडिओ चालू आहे.
पण तो शहात्तर ते नव्वदच ऐकतो,
आपली रत्नागिरी शंभराच्या वर.
म्हणून नुसती खरखर.
बावा ती लावून ठेवायचे गुहागरपर्यंत,
म्हणायचे, भरती लागली.

आता एक सांगायचं राहिलं.
किल्ली फिरवली की एक बाई बोलते.
दचकू नका.
एकच वाक्य, वीस वर्षं तेच, फार अदबीने.
चुलती म्हणायची, सवत विचारतेय, शेजारी कोण बसलीय?
आई म्हणायची, सांभाळून जा म्हणत असेल बिचारी.
बावांना विचारलं तर हसायचे.
आणि बाईला उत्तर द्यायचे, रोज, मान थोडी लववून:
हाय.

तिकडे हाय म्हणजे हो.
आमच्याकडे हाय म्हणजे आहे.

बावा गेल्याला दोन पावसाळे झाले.
बाईचं बोलणं मी फोनमध्ये भरून घेतलं,
पुण्यात जपानी शिकणाऱ्या मामेबहिणीला पाठवलं.
अफशीनने लिहिलं:
‘कार्ड घातलेलं नाही.’
टोलनाक्याचं कार्ड.
दाभोळ ते गुहागर एक नाका नाही,
एक खाडी आहे, तिकीट काढून ओलांडायची.
एवढंच होतं.
मी आईला सांगितलं नाही.

परवा बॅटरी उतरू नये म्हणून गाडी चालू केली.
आई ओट्यावरून उतरून आली,
डाव्या सीटवर बसली, पदर आवळला,
छप्पर उघडंच होतं.
बाई बोलली.
मी वाट पाहिली, कसली कोण जाणे.
इंजिन जरा खोकलं.
आई समोर बघत म्हणाली,
हाय.

डॅशबोर्डखाली निळी वायर आहे.
ती काढली की बाई गप्प होते.
काढायची तर तुमच्या घरी नेऊन काढा.

किंमत समोरासमोर.
फळ्या फणसाच्या आहेत,
त्यांचे पैसे नाहीत.