रुळाला झाडू

पाच मीटर लांब लोखंड, साडेतीनशे किलो,
आणि त्यामागे दोन खोल्यांचं घर.
नाकापेक्षा मोती जड.
बोक्सबर्गच्या या गल्लीत सगळ्यांचंच असं.

"माणूस कुठाय?"
ओकर्ट स्वीखर्सने सळ्यांआडून विचारलं.
"मीच."
त्याने माझ्या मागचा रस्ता पाहिला,
व्हॅनची रिकामी सीट पाहिली,
मग बटण दाबलं.
गेट हातभर सरकलं, किंचाळलं, अडलं.
पेटी डोक्यावर धरून
मी आडवी होऊन त्या फटीतून आत गेले.

रूळ काळा कुळकुळीत.
बोट लावलं, वास घेतला: सूर्यफुलाचं तेल.
"रोज घालतो," तो म्हणाला, "सकाळ-संध्याकाळ.
तरी हे हरामखोर रडतंच."

ऑगस्टचा महिना.
खाणींच्या पिवळ्या टेकड्यांवरून
पिठासारखी धूळ दिवसभर उतरत असते.
तेलाने तिला बसायला पाट दिला,
चाकांनी तिची चटणी वाटली,
आणि त्या चटणीने चाकंच खाल्ली.

न्ताते त्सेलिसोने मला पहिल्या दिवशी
पाना दिला नव्हता. झाडू दिला होता.
"दिमाकात्सो, रुळाला तेल नाही. रुळाला झाडू.
ग्रीस पोटात, बेअरिंगच्या,
जिथे गिऱ्हाइकाची नजर जात नाही."
दोन महिने मी नुसती झाडत होते
आणि मनात त्याला शिव्या देत होते.

किल्ली फिरवून मोटर सोडली.
आता गेट नुसतं गेट, विजेविना.
खांदा लावून ढकललं, हललं नाही.
जॅकवर चढवून मागचं चाक काढलं:
आतल्या गोळ्या गंजून एकमेकींना चिकटलेल्या,
एक तर फुटलेलीच.
नवं चाक. नवं बेअरिंग. बोटाच्या पेराएवढं ग्रीस.
रॉकेलच्या फडक्याने रूळ पुसला,
मग कोरड्या फडक्याने, मग पुन्हा कोरड्या.
मोटरचं झाकण उघडलं तर मुंग्यांचं अख्खं गाव,
सर्किटच्या उबेला अंडी मांडून बसलेलं.
ते ब्रशने उठवलं, भोक बुजवलं.
दातेरी पट्टी दोन ठिकाणी खाली आली होती,
ती उचलून घेतली.
दात दाताला भेटावा, चावू नये.

तो खुर्ची घेऊन जवळच बसला होता.
आधी पहारा म्हणून, नंतर नुसताच.
"मी वाइंडर चालवायचो," तो मध्येच म्हणाला.
"एकतीस वर्षं. दोन किलोमीटर तारेचा दोर,
टोकाला पिंजरा, पिंजऱ्यात माणसं.
दोराला ग्रीस कमी पडलं तर
झोप लागायची नाही मला.
एकदाही दोर तुटला नाही."

मी पाना घट्ट आवळत होते. जरा जास्तच.
आजोबा मोखोट्लाँगहून घोंगडी पांघरून आले होते
याच पट्ट्यातल्या कुठल्याशा खाणीत.
कुठली, ते आजीलाही सांगता यायचं नाही.
पिंजरा सुटला की पोट घशात येतं, एवढंच सांगायचे,
आणि वरून कोण खाली सोडतंय
ते कधीच दिसलं नाही, म्हणायचे.

विचारलं नाही.
नट अर्धा फेरा सैल केला.

"ढकला," मी म्हटलं.
तो उठला, दोन्ही हात लावले, पाय रोवले.
"एका हाताने."
साडेतीनशे किलो असे निघाले
की म्हातारा दोन पावलं पुढे धावला,
आणि लहान पोरासारखा
त्याने गेट परत ओढलं, परत ढकललं, परत ओढलं.

"तेल?" त्याने विचारलं.
"पोळ्यांना लावा."

पैसे मोजून दिले. वीस रँड जास्त होते,
ते मी परत केले, त्याने घेतले.
मी बाहेर पडले, त्याने बटण दाबलं,
मागे गेट लागलं ते मला कळलंच नाही.
व्हॅनपाशी आल्यावर हात रिकामा वाटला.
वळून पाहिलं:
सळ्यांपलीकडे स्वीखर्स वाकून
माझ्या झाडूने रूळ झाडत होता,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.

बेल वाजवली नाही.