गैरहजर

नऊ वर्षं मी तो शब्द लिहीत होतो.
तांबड्या शाईत, शेवटच्या रकान्यात,
बारा वाजून गेले की.
हात इतका सरावलेला
की नाव नीट वाचायच्या आधीच
‘गैर’ लिहून झालेलं असायचं.

चिलोएच्या बेटांत, धक्क्याला टेकून आमचा दवाखाना.
भिंतींना लाकडी खवले, चुलीवर सदा किटली,
समोर खाडी, खाडीत विखुरलेली छोटी बेटं
आणि बेटांवर साखरेचा आजार घेऊन
बटाटे खणणारी, जाळी विणणारी माणसं.
यांच्या पायाला जखम होते
ती पायाला कळत नाही.
कुणीतरी वाकून बघावी लागते.

मार्चात इर्मा चिगुआय आली, नवी सिस्टर.
दारात बूट काढले, पिशवी ठेवली,
म्हणाली, जुनी रजिस्टरं दे.
किती?
असतील तेवढी.

तीन रात्री ती खाली मान घालून बसली.
मला वाटलं, माझ्या चुका काढतेय.
चौथ्या सकाळी भिंतीवर
कोळ्यांच्या दुकानातलं भरती-ओहोटीचं कोष्टक
आणि शेजारी माझे तांबडे शब्द,
तारखेसमोर तारीख.
बघ, म्हणाली.

बघितलं.
अमावास्या, पुनव, त्यांच्या मागचेपुढचे दिवस.
उधाणाची सुकती सकाळी इतकी दूर जाते
की होड्या चिखलात कुशीवर निजलेल्या.
लाँच सुटते साडेदहाला.
आमची खिडकी बंद, साडेनऊला.

गैरहजर समुद्र होता.
मी नावं माणसांची लिहीत आलो.

डॉक्टर हसले:
आता दवाखाना काय चंद्राला विचारून उघडायचा?
इर्मा म्हणाली, लाँचवाला तसाच उघडतो दुकान.
मग खिडकी पाण्याबरोबर उघडू लागली.
कधी अकराला, कधी दोनला,
झाडूवाली करवादली, माझं जेवण थंड झालं,
आणि रेडिओवर एलेउतेरियोचा घसा खरखरायचा:
सात जण आणतोय. एक लंगडतोय.
पाणी तापवून ठेवा.

ती दर महिन्याला कागदावर एक ठिपका काढायची.
पेन्सिलीनं. ठिपके चढत गेले.
जूनमध्ये लाँचचं इंजिन बसलं
आणि ठिपका धपकन खाली.
मी म्हटलं, हा खोडूया, बाई, वरचे साहेब येणार आहेत.
तिनं खोडरबर खिशात घातलं.
तो पण आपलाच आहे, म्हणाली.

तरी एक नाव उरलं.
ओतिलिया नावेलकिन, तिसरं बेट.
भरती बरोबर, लाँच बरोबर, हवा मोकळी,
आणि तिच्यापुढे पुन्हा तांबडं.
कोष्टकात बसेना.

मग एका भांगाच्या दिवशी, पाणी मवाळ असताना,
आम्ही दोघं गेलो.
म्हातारी वाफ्यात होती, हातात कुदळ.
आधी बटाटे दिले उकडलेले,
मग खूप वेळानं, चुलीकडे बघत:
तुमच्याकडे पहिल्यांदा बूट काढायला लावतात.
सगळ्यांसमोर.
माझे मोजे…
आणि थांबली.

इर्मा काही बोलली नाही.
जमिनीवर बसली, स्वतःचे बूट ओढून काढले.
डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर,
थंडीनं लाल झालेला.
म्हातारी त्या अंगठ्याकडे बघत राहिली.
मग फिस्सकन हसली,
आणि पाय पुढे केला.

टाचेला बोटभर जखम. तिला माहीतच नव्हती.

परत येताना रजिस्टर मांडीवर उघडलं,
लाँच हलत होती, अक्षर वाकडं येत होतं.
शेवटच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
पडद्यामागे बूट काढायची सोय, हे इर्मानं
आपल्या वहीत कधीच लिहून टाकलं होतं.
मी निळी शाई मागितली तिच्याकडे.
ओतिलियाच्या नावापुढे लिहिलं:
आम्ही हजर.