आडवी रेघ

एर्मेलिंडा मिस म्हणायच्या,
टिंब दिलेला स्वर म्हणजे तव्यावरची भाकरी,
बोट लाव, उचल. भाजायच्या आत.
मी भाजूनच घ्यायची.

कॅम्पात, मासळी बाजाराच्या मागं त्यांचं घर.
पियानोच्या चार पट्ट्या दमटपणानं फुगलेल्या,
त्यात खालचा सी
एकदा दाबला की वर यायचाच नाही,
नखानं उचलावा लागायचा.

लेगाटो मला वडगावातच कळला होता.
बदली गडी आल्याबिगर
अप्पा मागावरून उठत नसत.
एक बोट उठायच्या आत दुसरं बसलेलं हवं.
आमच्या गल्लीतलं बोलणंही तसंच,
'बरं' म्हणता म्हणता 'हौदु' होतं,
सांधा सापडत नाही.

आडवी रेघ आली की मात्र अडायचे.
पुरता धर, मिस म्हणत, पुरता,
पण दाबू नकोस.
म्हणजे कसं, ते त्यांनाही सांगता येईना.
माझ्या मनगटाखाली पेन्सिल धरून
नुसत्या बसून राहत.

एकदा अप्पा न्यायला आले.
तीस वर्षं मागांच्या खडखडाटात कान गेलेले.
चपला पायरीवर काढल्या,
पियानोच्या कुशीला तळवा टेकून उभे राहिले.
"वाजीव की."

मी एकच स्वर धरला,
तोच, अडकणारा.

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू केली, गेली.
मला ऐकू येईनासा झाला तेव्हा
मी नख पट्टीखाली घातलं.

"थांब गं," अप्पा म्हणाले,
तळवा तसाच.
"हाय अजून."