सात नंबरचा हात

फॉर्मवर वर्णनासाठी पाच ओळी ठेवल्यात.
पाच ओळींत एवढंच मावलं:
रांग चौदा, पहाटे तीन वाजून दहा मिनिटं.
शीतयंत्राची जोडणी ओढताना उजव्या हाताची दोन बोटं भाजली.
हातमोजा सैल होता.

पण कागद उलटला की पाठ कोरी आहे,
म्हणून तिथे लिहिते.
डाव्या हाताने लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या.

इथे किलिकुराला पूर्वी पाणथळ जागा होती.
झाडणारी ओरिएता सांगते, तिच्या लहानपणी
बदकं थेट अंगणात यायची, हाकलली तरी जायची नाहीत.
आता त्या जागी बिनखिडक्यांची इमारत.
आत अख्ख्या जगाचे फोटो, पगारपत्रकं, भांडणं, प्रेमपत्रं,
आणि ती तापू नयेत म्हणून रात्रभर घोंघावणारे पंखे.
यंत्राला एक अंश जास्त सोसत नाही,
लगेच घंटा होते,
चाळीस सेकंदांत तिघं धावत येतात.
माणसासाठीही घंटा आहे. लाल. दाराशी.
चौदाव्या रांगेपासून एकशे दहा पावलं. मोजलीत मी.

हातमोजे एकाच मापाचे येतात: दहा.
माझा हात सात.
मधल्या तीन नंबरांत हवा राहते,
आणि हवेला तारेची पकड येत नाही.
तीनदा मागणी लिहिली. भांडाराचं उत्तर:
बायका चारच, वेगळी खरेदी परवडत नाही.
नोल्बेर्तो हसून म्हणाला, मग हात वाढव.

नोल्बेर्तो. आमचा पाळीप्रमुख.
फॉर्मच्या पुढच्या बाजूला त्याचं नाव येत नाही,
तिथे त्याची सही येते.

चौदावी रांग कॅमेऱ्याला दिसत नाही, मध्ये खांब आहे.
हे त्याला माहीत आहे.
त्याला माहीत आहे, हे आम्हाला माहीत आहे.
समोर यंत्रांची भिंत, पाठीवर गरम वारा,
आणि त्या वाऱ्यातच कुणीतरी
"जरा बघू दे" म्हणत वाकतं.
पंख्यांपुढे ओरडणं म्हणजे
तोंड हलवणं, बाकी काही नाही.

माझ्या आधी यास्ना होती.
तिने रॅकच्या पायाशी, गुडघ्याच्याही खाली,
निळ्या टेपचा नखाएवढा तुकडा लावला होता.
म्हणजे: इथे एकटी येऊ नकोस.
कुणी शिकवलं नाही, दुसऱ्या आठवड्यात वाचता आलं.
मग माझे दोन.

सोमवारी बाहेरचे तपासनीस येणार होते.
ओरिएताला हुकूम मिळाला, चिकटलेलं सगळं खरवडून काढ.
तिने काढलं. रांग आरशासारखी झाली.
आणि युलेइमा, वेनेझुएलाहून आलेली,
नोकरीचा नववा दिवस,
स्वच्छ रांगेत एकटीच शिरली.

मी पलीकडच्या रांगेत होते.
ओरडले असते तर पंख्यांनी गिळलं असतं,
लाल घंटेकडे पळाले असते तर एकशे दहा पावलं.
म्हणून यंत्राला ताप आणला.
जोडणी ओढली, हातमोजा घसरला, ठिणगी आत शिरली.
चाळीस सेकंद. तिघं आले.
यंत्राला काही झालं का, विचारत आले.
नोल्बेर्तो खांबाजवळ उभा, हातात टॉर्च, कामात असल्यासारखा.
युलेइमाने शर्टचं बटण लावलं.
ते एकानेही पाहिलं नाही,
किंवा तिघांनीही पाहिलं.

आता माझ्यावर यंत्राच्या नुकसानीचा ठपका आहे.
शेवटचा रकाना: पुन्हा घडू नये म्हणून उपाय.
जागा एक ओळ.
लिहिलं: हातमोजे, माप सात, चार जोड. खांब हलवा.
मग आठवलं, युलेइमाचं माप सहा आहे. खाडाखोड केली.

कागद देऊन परतताना ओरिएताने हाक मारली.
झाडूचा दांडा आडवा धरला.
खरवडलेले तुकडे तिने टाकले नव्हते,
एकाखाली एक चिकटवले होते.
निळे, पिवळे पडलेले, एक दवाखान्यातल्या पट्टीचा.
अकरा.

यास्नाचा एक, माझे दोन.
उरलेल्या आठांची नावं
तिला ठाऊक नाहीत, मला ठाऊक नाहीत.
दांडा फॉर्मला जोडता येत नाही म्हणे.
मी जोडला आहे.