त्रुटीचे कारण

पुस्तकात उष्णता हरवते.
गरम वस्तूनं दिलेली, गार वस्तूला मिळालेली,
दोन्ही बाजू मांडल्या की जरा कमी भरते.
मग खाली एक ओळ लिहायची:
काही उष्णता परिसरात गेली.
बावीस वर्षं ही ओळ मी फळ्यावर लिहीत आले,
अक्कलकोट रोडच्या शाळेत, जानेवारीत.

यंदा प्रयोग राहिला. एप्रिलचा तिसरा आठवडा,
सकाळची शाळा सुटायला तासभर,
पत्र्याखाली बेचाळीस, वीज नऊपासून गेलेली.
गार म्हणून नळाचं पाणी घेतलं
तर पाराच म्हणाला, एकेचाळीस.
शेवटी सिद्राम शिपायाच्या माठातलं पेलाभर मागितलं.
अठ्ठावीस.
"प्यायचं हाय बाई ते," एवढंच तो म्हणाला.

लोखंड इरेश बोल्लीनं आणलं:
भंगारात निघालेल्या मागाचा नट, दोनशे ग्रॅम,
आट्यांत अजून काळं तेल.
दोऱ्याला बांधून उकळत्या पाण्यात सोडला. अठ्ठ्याण्णव.
(शंभर का नाही, कोणीतरी विचारलं.
आपण समुद्रापासून उंचावर राहतो म्हणून.
हे ऐकून वर्गाला उगाच बरं वाटलं.)

नट तांब्याच्या भांड्यात गेला.
चर्र झालं नाही, वाफ नाही, काही नाही.
ढवळलं. एका थर्मामीटरवर सहा डोकी.
एकेचाळीस.

मांडलं.
नटानं दिलेली: बाराशे चोपन्न कॅलरी.
पाण्याला आणि भांड्याला मिळालेली: चौदाशे तीस.
पुसून पुन्हा मांडलं.
तेच.
"देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याकडं जास्त!" तौफिक म्हणाला,
"मामाच्या पतपेढीत असं झालं तर चौकशी बसते."

चौकशी बसली.
भिंत, बाक, पत्रा, खिडकीचे गज,
ज्याला पुस्तक परिसर म्हणतं ते सगळं.
पुस्तकातला परिसर घेतो.
आमचा देतो, न मागता, वर मापात न बसणारं.

लावण्या म्याकलनं थर्मामीटर उचलला.
बाकावर ठेवला: बेचाळीस.
भिंतीला टेकवला: बेचाळीस.
मी ओरडायच्या आत काखेत धरला.
सदतीस.
"आपणच गार हाव की ओ बाई," ती म्हणाली,
"खोलीत आपल्याहून गार फक्त माठ."

दप्तरातून तिनं टॉवेलचा तुकडा काढला.
तिची आई घरी कडा शिवते, डझनावर पैसे.
भांड्याला दोन वेढे दिले.
उन्हाळ्यात पाण्याला पांघरूण! वर्ग हसला.
मी म्हणाले, टॉवेल ऊब देत नसतो,
चादरही देत नसते, ती नुसती अडवते.
या गावात हे वाक्य जरा जपून म्हणावं लागतं.

सिद्रामकडून दुसरा पेला. नट पुन्हा उकळत्यात.
या वेळी चाळीस.
बाराशे श्याहत्तर, तेराशे वीस.
वरकड चव्वेचाळीस कॅलरी.
बाहेरही त्या दिवशी चव्वेचाळीसच होतं.
योगायोग आहे, एकक वेगळं आहे, मी तीनदा सांगितलं.
कोणी ऐकलं नाही.

वह्या तपासायला घरी आणल्या.
'त्रुटीचे कारण' या रकान्यात
एकोणचाळीस जणांनी फळ्यावरची ओळ उलटी करून लिहिलेली:
काही उष्णता परिसरातून आली.
लावण्यानं एकच शब्द: सोलापूर.
लाल पेन तिथं बराच वेळ थांबलं.

मागच्या पानावर पेन्सिलनं, माझ्यासाठी की नाही कोण जाणे:
पप्पा रंगाच्या कारखान्यातून आल्यावर
घरात यायच्या आधी दारात उभे राहतात.
काय करताय विचारलं तर म्हणतात, गार होतोय.
बाहेर तर चव्वेचाळीस असतं.
मग ते किती असतील?
वस्तुमान बावन्न किलो.

खाली तिनं सूत्र लिहून
बाकीच्या जागा मोकळ्या सोडल्यात.
वही अजून माझ्याकडे आहे.