तीन महिन्यांची हमी

कुरामोची बाई कन्सोल उलटा करतात,
पंख्याच्या जाळीत फुंकर मारतात.
धूळ उडते, आणि कुणाच्या तरी मांजराचा
एक पांढरा केस.

टिकेल ना, मी विचारतो,
गिअरच्या कारखान्यात
कानस मारून मारून आलेल्या जपानीत.
बाई तीन बोटं दाखवतात : तीन महिने.
माझ्या व्हिसाचे अडीच उरलेत.

इलोइलोला वीज दोनशेवीस, इथे शंभर.
तसाच लावशील तर जळेल, रोदेलियो-सान,
म्हणत त्या खणातून ट्रान्सफॉर्मर काढतात.
विटेएवढा जड. त्याचे पैसे वेगळे.
सामानात बसवायचा तर बूट इथेच टाकावे लागतील.

चालू करून बघतो.
आत कुणाचा तरी अर्धा खेळ :
नाव केंता, बेचाळीस तास,
तुटक्या पुलाच्या अलीकडे उभा.

पुसून टाकू?

मी निघालो तेव्हा जुन-जुनला
बुटाची नाडी बांधता येत नव्हती.
आता फोनवर तो मला
फ्रेम रेट समजावतो.

नको, म्हणतो मी. राहू दे तो तिथेच.
आणि दुसरा कंट्रोलर
केवढ्याला?